कूलर बंद करून

मे महिना. पहाटेचे पाच, आणि भिंत अजून कालच्या दुपारची गरम.
नरेंद्रनगरातल्या मागच्या खोलीत
मी कूलर बंद करून बसलोय, बनियनवर.
खसाचा ओला वारा लागला
की स्प्रेच्या रंगावर पांढुरकी साय धरते.
आणि दिवस वर आला
तर रंग ब्रशवरून उतरायच्या आधीच वाळतो.
मधला जेमतेम तासभर मिळतो.
तो मला चोपन्नाव्या वर्षी सापडला.

"काहून बंद केला जी कूलर?"
मीनल दारात, पदरानं वारा घेत.
"गाडी रंगवतोय."
"आपल्याकडं गाडी कुठं आहे?"

आहे. चोवीसास एक.
तळहातावर मावते, बोटांच्या थोडी बाहेर जाते.
एकोणनव्वद साली मामानं कुवेतहून आणलेली,
जपानी अक्षरांचा कागद,
बाण बघून जोडायची.
माळ्यावरून काढली तेव्हा चारही चाकं होती,
आरसा एकच,
रंगाच्या डब्या गुळाच्या ढेपेसारख्या घट्ट.
दारावर लावायचा नऊचा आकडा चहासारखा पिवळा पडलेला.
तो खिडकीच्या काचेला चिकटवून ठेवला,
आठ दिवसांत पांढरा.
या गावच्या उन्हानं आजवर माझी मान भाजली,
टायर फोडले, तुळस मारली.
पहिल्यांदाच काही परत केलं.

एकतीस वर्षं मी टेलिफोनच्या केबली जोडल्या.
सीताबर्डीच्या खड्ड्यात वाकून, बॅटरीच्या उजेडात
निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी,
झोपेतही चुकलो नाही.
लोकांचे कितीतरी हॅलो माझ्या चिमटीतून गेले.
मग केबलच संपली, चिठ्ठी आली, सही केली,
आणि मला वाटलं, चिमूटही संपली.
आता त्याच वायरीचे नखाएवढे तुकडे
इंजिनात बसवतो, प्लगपासून मागं.
नारिंगी बसते.
निळी निसटते, फरशीवर जाते,
तिला शोधताना गुडघे बोलतात.
जवळचा चष्मा, त्यावर भिंग, त्यावर घाम.

लाल रंग मोमिनपुऱ्यातून आणला,
कलीमभाईंच्या गॅरेजमधून, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत.
"कितनी गाड़ियाँ मारनी हैं?"
"एक. अर्धं बूच पुरे."
ते हसले नाहीत. बूच मोजून थिनर घातला,
पैसे घेतले नाहीत,
म्हणाले, हो गई तो दिखाना.

छप्पर झालं. दारं झाली.
बोनेट वेगळं काढून पाण्यात घासत होतो,
दोन हजार नंबरचा पेपर, हलक्या हातानं,
तर जुन्या रंगात, डाव्या कोपऱ्यात, अंगठा.
लहान. सहा वर्षांचा.
रेषा सगळ्या शाबूत.

हर्षू.
वाळला का ते बघायला तिनं बोट लावलं होतं
आणि मी तिच्या थोबाडीत मारली होती,
पुरी जोर लावून.
त्याच संध्याकाळी खोकं बंद केलं.
घरी सांगितलं, दहावी आहे.
पुढं दहावी झाली, नोकरी झाली,
तिचं लग्न झालं, मेंदीचे हात तिनं मला दाखवले,
तेव्हाही मला हा अंगठा आठवला नव्हता.
खोटं कशाला सांगू.

ती भिलाईला असते. लवकर उठते, डबे असतात.
फोन लावला.
"ती लाल गाडी आठवते का गं? मामाची?"
तिकडं कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.
मग ती हळूच म्हणाली,
"वाळला का रे रंग?"

पेपर माझ्या हातात तसाच, पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं.
"नाही," म्हटलं, "चिकट आहे अजून.
दिवाळीत येशील तेव्हा बघ लावून."

मीनलनं येऊन कूलर लावला.
मी काही बोललो नाही.
खोलीभर खस झाला.
बोनेट राहिलंय.